कचरा डेपोचं काळं पाणी आणि ते साफ करणारे जिवाणू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कचरा डेपोशेजारच्या गावांतली माणसं, इंजिनीअरिंगची मुलं, कधी एखादे नगरसेवक. प्लांट बघायला येणारे बहुतेक जण फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. लिचेट प्रक्रिया प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत माझी बारा वर्षं गेली. तोंडी दिलेली उत्तरं इथे एकदा नीट लिहून ठेवली आहेत.

लिचेट म्हणजे नेमकं काय?

कचऱ्याच्या ढिगातून झिरपून खाली येणारं पाणी. त्यात पावसाचं पाणी असतंच, पण कचऱ्याचं स्वतःचंही बरंच असतं. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला कचरा असतो: भाजीची देठं, शिळा भात, फळांच्या साली. हे सगळं वरच्या वजनानं दाबलं गेलं आणि सडलं की पाणी सुटतं. खाली उतरताना ते जुन्या बॅटऱ्या, रंगाचे डबे, औषधं, साबण अशा सगळ्यांतून वाट काढतं आणि प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबर घेतं. कचऱ्याच्या गाडीमागून रस्त्यावर काळपट धार सांडत जाते ना, तेही हेच पाणी.

हे गटाराच्या पाण्यासारखंच ना? मग सरळ एसटीपीला (शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राला) का सोडत नाहीत?

दिसायला सारखं वाटलं तरी जातकुळी वेगळी. घरगुती सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे जिवाणूंना पचेल अशा घाणीचं माप, लिटरमागे साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. ताज्या लिचेटमध्ये तो १० हजार, २० हजार, कधी त्याहूनही वर जातो. अमोनियाचंही तसंच. सांडपाण्यात ३० ते ५० मिलिग्रॅम, लिचेटमध्ये कित्येकदा १ हजाराच्या पुढे. एसटीपीतल्या मोठ्या प्रवाहात अगदी थोडं लिचेट मिसळलं तर ते पचून जातं. टँकर एकदम रिकामा केला तर तिथले जिवाणू कोलमडतात, आणि मग शहराचं सांडपाणीही अर्धवट साफ होऊन नदीत जातं.

जिवाणू नेमकं करतात काय?

खातात. लिचेटमधली घाण हे त्यांचं अन्न. मात्र सगळे जिवाणू सगळं खात नाहीत, म्हणून प्लांटमध्ये त्यांच्या वेगवेगळ्या पंगती बसवाव्या लागतात.

पहिल्या पंगतीचं जेवण म्हणजे सडलेल्या अन्नातून आलेली सेंद्रिय आम्लं. लिचेट ताजं आणि जहाल असेल तर हे काम हवेशिवाय, बंद टाकीत करून घेतलेलं बरं. गोबरगॅसमध्ये होतं तेच इथे होतं: मिथेन मिळतो, गाळ कमी तयार होतो, हवा फुंकायचा खर्च वाचतो. यासाठी वापरतात ती यूएएसबी टाकी १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये विकसित झाली. तिच्यात जिवाणूंचे साबुदाण्यासारखे दाणे तळाशी बसतात आणि पाणी खालून वर त्यांच्यामधून चढतं.

दुसरी पंगत हवेवर जगणाऱ्यांची. एरेशन टँकच्या, म्हणजे हवा द्यायच्या टाकीच्या, तळाशी बारीक छिद्रांचे डिफ्युझर बसवलेले असतात, ब्लोअर (हवा फुंकणारं यंत्र) त्यांतून हवा सोडतो आणि जिवाणू उरलेलं अन्न फस्त करतात. या पद्धतीला ॲक्टिव्हेटेड स्लज म्हणतात. मँचेस्टरमध्ये १९१४ साली आर्डर्न आणि लॉकेट यांनी ती मांडली. शंभर वर्षांहून अधिक काळ जगातली शहरं तिच्यावर चालली आहेत. आज एसबीआर, एमबीबीआर अशी नावं कानावर पडतात, ती याच झाडाच्या फांद्या. एसबीआरमध्ये भरणं, हवा देणं, निवळू देणं, वरचं पाणी काढणं हे सगळं एकाच टाकीत पाळीपाळीनं होतं. एमबीबीआरमध्ये प्लॅस्टिकच्या छोट्या चाकांवर जिवाणूंचा थर चढतो आणि ती चाकं टाकीत घुसळत राहतात.

तिसरं काम सगळ्यात नाजूक: अमोनिया. नायट्रोसोमोनास आणि त्यांचे भाऊबंद अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरा आणि नायट्रोबॅक्टर त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे जिवाणू हळू वाढतात, थंडीनं मंदावतात, आम्लता वाढली की काम थांबवतात. माझी बारा वर्षं बरीचशी यांच्याच सेवेत गेली आहेत.

चौथी पंगत नायट्रेटमधला ऑक्सिजन काढून घेते आणि नत्र (नायट्रोजन) वायूरूपानं हवेत सोडून देते. तिला हवा अजिबात चालत नाही. म्हणून टाकीचा एक भाग मुद्दाम हवेविना ठेवावा लागतो.

एवढ्या हवेला वीज किती लागते?

भरपूर, आणि ती मुख्यतः अमोनियापायी. १ किलो अमोनियातल्या नत्राचं नायट्रेट करायला साधारण ४.६ किलो ऑक्सिजन लागतो. रोज १ लाख लिटर लिचेट येतं आणि त्यात लिटरला १ हजार मिलिग्रॅम नत्र आहे असं धरा. म्हणजे दिवसाला १०० किलो नत्र आणि त्यासाठी ४६० किलो ऑक्सिजन. तो पाण्यात विरघळवायचा म्हणजे ब्लोअर चोवीस तास चालणार. निविदेत प्लांटची किंमत मोठ्या अक्षरात असते, दरमहाचं वीजबिल कोपऱ्यात. गावकऱ्यांनी ते आधी वाचावं.

आणखी एक हिशेब आहे. हेच १ किलो नत्र पाण्यातली साधारण ७ किलो क्षारता, म्हणजे आम्ल मारायची ताकद, खाऊन टाकतं. लिचेटमध्ये मुळात क्षारता बरीच असते, आणि चौथ्या पंगतीनं काम नीट केलं तर जवळपास निम्मी परतही मिळते. तरी कमी पडली तर पीएच घसरतो. ६.५ च्या खाली गेला की अमोनियावाले जिवाणू हात वर करतात. अशा वेळी चुना किंवा सोडा टाकावा लागतो.

जिवाणू आणायचे कुठून? बाजारात पावडर मिळते, ती चालते का?

दह्याला विरजण लागतं तसं प्लांटलाही लागतं. उत्तम विरजण म्हणजे नीट चालणाऱ्या एसटीपीतला ताजा गाळ. दोन-चार टँकर आणून टाकीत सोडायचे आणि लगेच हवा सुरू करायची. हवेशिवायच्या टाकीला शेणाचा काला किंवा चालू बायोगॅस प्लांटमधली स्लरी उत्तम.

पावडरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तिच्यावर पैसे घालवू नका. पाकिटात बहुतेक करून बॅसिलस जातीचे जिवाणू असतात, कारण ते बीजाणू करून कोरड्यात तग धरतात. सेंद्रिय घाण खाणारे जिवाणू तर लिचेटमध्ये, मातीत, शेणात फुकट आहेत. आपल्याला चणचण असते ती अमोनियावाल्यांची, आणि ते बीजाणू करतच नाहीत. कोरड्या पावडरीतून ते जिवंत पोचतील ही अपेक्षा फोल आहे. वास आला की पावडर, फेस आला की पावडर, असे महिन्यामागून महिने चाललेले प्लांट मी पाहिले आहेत. ब्लोअरचा फिल्टर मात्र कुणी साफ केलेला नसतो.

प्लांट सुरू केल्यावर किती दिवसांत पाणी साफ व्हायला लागतं?

बीओडी दोन-तीन आठवड्यांत उतरायला लागतो. अमोनियाला सहा ते आठ आठवडे धरा, कधी जास्त. सुरुवातीला क्षमतेच्या दहा-वीस टक्केच लिचेट सोडायचं आणि रोज अमोनिया मोजून हळूहळू वाढवायचं. घाईनं भरलं तर पाण्यातला मुक्त अमोनिया खुद्द अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंनाच विषारी ठरतो. पीएच आणि तापमान जितकं जास्त, तितका हा मुक्त अमोनिया जास्त. उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि जिवाणूंना तिच्या मागे धावायला लावतात. ते धावत नाहीत.

जिवाणूंना आणखी काही द्यावं लागतं का?

स्फुरद, म्हणजे फॉस्फरस. शेतकऱ्यांना हे चटकन कळतं: युरिया भरमसाट पडलाय आणि स्फुरद जवळपास नाहीच, असं हे शेत आहे. जिवाणूंच्या वाढीला बीओडी १००, नत्र ५, स्फुरद १ असं प्रमाण साधारण धरतात. लिचेटमध्ये नत्र त्याच्या कितीतरी पट असतं आणि स्फुरद तुटपुंजं. म्हणून फॉस्फरिक ॲसिड मोजून टाकतात. कुणी स्वस्त पडतं म्हणून डीएपी खत टाकतं. ते टाळा, त्यातून अमोनियाची भर पडते.

वीज गेली तर काय होतं?

हा प्रश्न मला फार जिव्हाळ्याचा आहे. एका नगरपालिकेच्या प्लांटवर मी असताना ऐन मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर जळाला. जनरेटर होता, डिझेल नव्हतं. मंजुरी यायला तीन दिवस लागले.

पहिल्या दिवशी संध्याकाळी टाकीचा चॉकलेटी रंग तसाच होता, फक्त गाळ खाली बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काठ काळे पडले आणि तळातून बुडबुडे येऊ लागले. दुपारी सडक्या अंड्यांचा वास ऑफिसपर्यंत आला. तिसऱ्या दिवशी मी टाकीतलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. चांगल्या गाळात व्होर्टिसेला नावाचे एकपेशीय जीव दिसतात, देठावर उलटी घंटा ठेवावी तसे, आणि धक्का लागला की त्यांचा देठ स्प्रिंगसारखा आखडतो. त्या दिवशी देठ दिसत होते. घंटा एकही हलत नव्हती.

हवा पुन्हा सुरू केल्यावर बीओडी आठवड्याभरात सावरला. अमोनिया पूर्ववत व्हायला सव्वा महिना गेला. तोवर साठवण तलाव काठोकाठ भरला होता आणि पाऊस तोंडावर आला होता. तीन दिवसांचं डिझेल ते किती असतं! म्हणून माझं सांगणं एवढंच असतं की डिझेलचा साठा कागदावर मोजू नका, टाकीत काठी घालून मोजा.

पावसाळ्यात प्लांट बंद का पडतात?

हिशेब करून बघा. १ हेक्टर उघड्या ढिगावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते १० लाख लिटर पाणी झालं. मुंबईत पावसाळ्यात साधारण २२०० मिलिमीटर पडतो, म्हणजे हेक्टरी सव्वादोन कोटी लिटरच्या घरात. त्यातलं काही वाहून जातं, काही मुरतं, उरलेलं लिचेट होऊन येतं. रोज १ लाख लिटरचा प्लांट यापुढे टिकत नाही. शिवाय पाणी पातळ झालं की जिवाणू उपाशी राहतात आणि जास्त प्रवाहाबरोबर टाकीबाहेर वाहून जातात.

यावरचा उपाय जिवाणूंकडे नाही, ढिगाच्या माथ्यावर आहे. जूनच्या आधी ढीग मातीनं किंवा प्लॅस्टिकच्या जाड ताडपत्रीनं झाकायचा, उतार द्यायचा, स्वच्छ पावसाचं पाणी वेगळ्या चरातून बाहेर काढायचं. ही ताडपत्री दुसरा प्लांट बांधण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

डेपो जुना असेल तर पाणी कमी घाण असतं का?

वास कमी, पण साफ करणं अवघड. बीओडी म्हणजे जिवाणूंना पचेल तेवढी घाण, सीओडी म्हणजे जवळपास सगळी. ताज्या लिचेटमध्ये सीओडीच्या निम्म्याहून जास्त बीओडी असतो. दहा-पंधरा वर्षांच्या ढिगातून येणाऱ्या पाण्यात तो दहा टक्क्यांखाली येतो. पचण्यासारखं होतं ते ढिगातल्याच जिवाणूंनी केव्हाच खाल्लेलं असतं. उरतो अमोनिया. तो वर्षानुवर्षं झिरपत राहतो आणि नायट्रेट घालवणाऱ्या चौथ्या पंगतीला खायला कार्बनच नसतो. मग साखर कारखान्यातली मळी (मोलॅसिस) किंवा मिथेनॉल बाहेरून आणून घालावं लागतं.

इथे एका वेगळ्या जिवाणूचा उपयोग होतो: ॲनामॉक्स. हा अमोनिया आणि नायट्राइट यांची सांगड घालून थेट नत्रवायू करतो. त्याला कार्बन लागत नाही आणि एकूण हवाही निम्म्याहून कमी लागते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथे १९९० च्या दशकात तो हाती लागला आणि पहिला मोठा प्लांट २००२ साली रॉटरडॅमला सुरू झाला. अडचण एकच: त्याची संख्या दुप्पट व्हायला दहा-अकरा दिवस जातात. एकदा मेला तर पुन्हा उभा करण्यात महिने जातात. ऊब त्याला मानवते, म्हणून आपल्या हवेत तो रमायला हवा असं मला मनापासून वाटतं. पण जिथे डिझेलची खात्री नाही तिथे मी त्याची शिफारस करणार नाही.

प्रक्रिया केलेलं पाणीही चहासारखं तपकिरी दिसतं. फसवणूक आहे का?

रंगावरून ठरवू नका. तो रंग ह्युमिक पदार्थांचा, म्हणजे पालापाचोळा कुजून मातीत जे तयार होतं त्याच कुळातला. जिवाणूंना ते पचत नाही. अमोनिया आणि बीओडी मर्यादेत आले असतील तर जिवाणूंनी त्यांचं काम केलं आहे. रंग आणि उरलेला सीओडी काढायला पुढे ओझोन, कार्बनचा फिल्टर किंवा आरओ लागतो. उलट, काचेसारखं पाणी दाखवून अमोनियाचा आकडा कुणी दाखवत नसेल तर तो आवर्जून मागा.

जिवाणू काय काढू शकत नाहीत?

मीठ तर अजिबात नाही. क्लोराइड जेवढं आत येतं तेवढं बाहेर जातं. शिसं, कॅडमियम असे धातू नष्ट होत नाहीत, काही गाळात अडकतात आणि गाळासोबत फिरतात. नॉनस्टिक भांडी आणि जलरोधक कापडांतून येणारी पीफास रसायनंही त्यांना जुमानत नाहीत. आरओ हे सगळं अडवतो, पण अडवलेलं एका जहाल द्रावणात गोळा होतं. ते पुन्हा ढिगावर शिंपडायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. मीठ फिरून फिरून त्याच पाण्यात वाढत जातं आणि काही वर्षांनी जिवाणूंनाच ते सोसवत नाही.

सरकारी मर्यादा काय आहेत?

घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये, नदी-नाल्यात सोडायच्या प्रक्रिया केलेल्या लिचेटसाठी लिटरमागे बीओडी ३०, सीओडी २५०, अमोनियातलं नत्र ५० आणि निलंबित कण १०० मिलिग्रॅम अशा कमाल मर्यादा घातल्या गेल्या. पीएच ५.५ ते ९ च्या दरम्यान. हे चार-पाच आकडे वहीत लिहून ठेवा. तपासणीचा अहवाल हातात आला की ताडून बघता येतो.

हे जिवाणू प्रयोगशाळेत तयार केलेले, जनुकं बदललेले असतात का?

नाही. तेल खाणाऱ्या, जनुकं बदललेल्या स्यूडोमोनास जिवाणूवर अमेरिकेत काम केलेले शास्त्रज्ञ आनंद चक्रवर्ती आणि अशा जिवाणूचं पेटंट घेता येतं हा १९८० सालचा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यामुळे तसा समज झाला असावा. लिचेटच्या टाकीत असतात ते मातीतले, शेणातले, नाल्यातले साधे जिवाणू. अर्थात टाकीच्या पाण्यात रोगजंतूही असू शकतात. हातमोजे घाला, जेवणाआधी साबणानं हात धुवा.

आमच्या विहिरीचं पाणी बिघडलंय. जिवाणू टाकून विहीर साफ होईल का?

मुंबईचा देवनार डेपो १९२७ पासूनचा. पुण्याचा कचरा कोथरूडहून उरुळी देवाची-फुरसुंगीला गेला. जुन्या डेपोंखाली प्लॅस्टिकचं अस्तर नव्हतंच, लिचेट सरळ जमिनीत उतरत राहिलं. उरुळी-फुरसुंगीच्या लोकांनी विहिरींसाठी किती आंदोलनं केली हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे.

विहिरीत जिवाणू टाकून काही साधत नाही. खडकाच्या भेगांतून रोज नवं घाण पाणी येत असतं आणि खाली ऑक्सिजन नसतो. पाणी पिणं आणि त्यावर स्वयंपाक करणं आधी थांबवा. उकळून नायट्रेट आणि क्षार जात नाहीत, उलट पाणी आटल्यानं दाट होतात. तान्ह्या बाळाच्या दुधात हे पाणी बिलकुल नको. प्रयोगशाळेत अमोनिया, नायट्रेट, क्लोराइड आणि सीओडी तपासून घ्या, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर, आणि दोन्ही अहवाल जपून ठेवा. डेपोच्या वरच्या अंगाच्या एखाद्या विहिरीचा नमुनाही सोबत द्या. तुलनेला दुसरी विहीर नसेल तर "हे पाणी पहिल्यापासून असंच आहे" हे उत्तर ठरलेलं असतं.

प्रक्रिया केलेलं पाणी शेतीला चालेल?

पिकाला देऊ नका. क्षारांनी जमीन चोपण होते. डेपोच्या आवारातली झाडं, रस्त्यावरची धूळ बसवणं, एवढ्यापुरतं ठीक.

गाळ साफ करायला माणूस टाकीत उतरवायचा का?

नाही. टाकी रिकामी दिसली तरी नाही. हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा वास सुरुवातीला सडक्या अंड्यांसारखा येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. तोच क्षण जिवावर बेततो. एक पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही जातो. गाळ पंपानं काढा. आत जाणं टाळताच येत नसेल तर गॅस मीटर, सतत हवा, अंगाला दोर, बाहेरून हवा देणारा मुखवटा आणि वर दोन माणसं, यातलं एकही कमी असेल तर काम थांबवा. ठेकेदार ओरडला तरी थांबवा.

घरी ओला-सुका वेगळा केल्यानं लिचेटला खरंच फरक पडतो?

सगळ्यात जास्त फरक यानंच पडतो. ढिगात ओला कचरा गेलाच नाही तर बीओडी आणि अमोनिया येणार कुठून? गोव्यात साळगावला २०१६ पासून ओला कचरा बंद टाक्यांत कुजवून गॅस काढतात. जिवाणू तेच, काम तेच. फरक इतकाच की तिथे कचऱ्याला बॅटरी आणि रंगाचे डबे लागायच्या आधीच ते कामाला लागतात.

आम्ही प्लांट बघायला आलो तर नेमकं काय बघायचं?

आधी नाक. चालू एरेशन टँकला ओल्या मातीसारखा वास येतो. मग रंग: चॉकलेटी चांगला, काळा वाईट. थोडा पांढरा फेस सुरुवातीच्या दिवसांत चालतो, महिनोन् महिने राहत असेल तर कारण विचारा. नोंदवही मागा आणि अमोनिया व पीएचचे रोजचे आकडे बघा. सलग तीस दिवस एकच आकडा लिहिलेला दिसला तर मोजमाप झालेलं नाही.

शेवटी एक लिटरचं काचेचं मोजपात्र मागून घ्या, टाकीतल्या पाण्यानं भरायला सांगा आणि उजेडात ठेवा. पहिली दोन-तीन मिनिटं काही होत नाही. मग कणाला कण चिकटतो, वरती निवळ पाण्याची एक रेघ उमटते आणि बघता बघता खाली सरकू लागते. अर्ध्या तासानं गाळ किती मिलिलिटरच्या खुणेवर बसला ते वाचा. ३००-४०० च्या आसपास असेल आणि वरचं पाणी पारदर्शक असेल, मग ते तपकिरी का असेना, तर जिवाणू ठणठणीत आहेत. ९०० वर अडकला तर ऑपरेटरला त्याच्या साहेबासमोर विचारू नका. बाजूला घेऊन विचारा, ब्लोअर रात्री किती तास चालतो.